तीन ठोके सावकाश, दोन जलद

त्या वर्षी मी रोज प्रार्थनेला बसत होते, पण प्रार्थना करत नव्हते. आफ्रिकेहून परतून चार महिने झाले होते. परळला थोरल्या भावाच्या दोन खोल्यांत मी, पाच वर्षांची रूथ आणि कडेवरचा शमुवेल असे राहत होतो. माझे पती तिकडे मिशनच्या ठाण्यावरच आठ दिवसांच्या तापात गेले. त्यांनी बांधलेल्या शाळेमागेच त्यांना माती दिली. ज्या देवाच्या कामासाठी आम्ही दोन लेकरं घेऊन एवढ्या लांब राहिलो, त्याने असं का करावं, हे मी कोणालाच विचारलं नाही. मी चर्चच्या पाळकांची बायको. लोकांच्या अशा प्रश्नांना आजवर मीच उत्तरं देत आले होते.

रूथलाही खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. "बाबा प्रभूकडे गेलेत," एवढंच म्हटलं. जहाजावर ती विचारायची, "मग तिकडून कधी येणार?" आणि मी म्हणायचे, "येतील मागून." ती ते धरून बसली.

आमच्या ठाण्यावर उपासनेची घंटा नव्हती. ती जहाजाने येणार होती, आली नाही. मग पती लाकडी ढोल वाजवत: तीन ठोके सावकाश, दोन जलद. आसपास उंच गवत, त्यात साप, कधी बिबट्या. म्हणून त्यांनी सगळ्या मुलांना एक शिस्त लावली होती. ढोल वाजला की असाल तिथून ढोलाकडे यायचं, खाली बसायचं, आणि बाबांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय उठायचं नाही. एकेका डोक्यावर हात ठेवत ते मुलं मोजत. बोलता येऊ लागण्याआधीच रूथला ही शिस्त कळत होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. एका दुपारी भाऊ शाळेत शिकवायला गेला होता, वहिनी माहेरी होत्या. शमुवेल झोपला होता. मी पतींची वही वाचत बसले होते. नाक्यापलीकडच्या मैदानातून शाहिराच्या डफाचा आवाज येऊ लागला. शमुवेल जागा होईल म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा रूथ खोलीत नव्हती.

शमुवेलला उचललं आणि धावले. जिना, नळ, शेजारच्या चाळीचं अंगण, सगळं पाहिलं. पोर लाजाळू, गर्दीला घाबरणारी, असं मला वाटत होतं, म्हणून मी तिला शांत जागीच शोधत राहिले. शेवटी गल्लीच्या टोकाला आमच्या ख्रिस्ती देवळात गेले. तेही रिकामं होतं. तेवढ्यात मैदानाकडून माणसं पळत येऊ लागली. "अश्रुधूर सोडला! बाई, पोराला घेऊन घरात जा!" एकजण ओरडला. दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या. मग रस्ता ओस पडला.

देवळाच्या पायरीवर मी बसून राहिले. वर्षभरापूर्वी अशा प्रसंगी माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाले असते. त्या दिवशी एवढंच निघालं, "मला आता काही सुचत नाही. तूच बघ." ती प्रार्थना होती की हार, मला ठाऊक नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. मग मैदानाच्या बाजूने आवाज आला. तीन ठोके सावकाश, दोन जलद. थांबून पुन्हा तेच.

हा ताल परळात कोणाला माहीत असणार? मी उठले आणि आवाजाकडे चालू लागले. मग पळू लागले.

मैदानात चपला विखुरल्या होत्या. मंडपाच्या खांबाशी रूथ मांडी घालून बसली होती. तिच्याजवळ एक नऊवारीतली बाई पदराने तिचे डोळे पुसत होती, आणि शाहीर डफ वाजवत होता.

"तू हिची आवस?" बाई माझ्यावर कडाडली. "घर खंय म्हणून इचारलंय, तर म्हणता आफ्रिकेत! आता आफ्रिकेची बस खंयसून सुटता, माका काय म्हायत? उचलूक गेलंय तर बोंबलता. बापूस येईसर उठूचंय नाय, म्हणता. मांडयेर हात आपटून माका दाखवता, असां वाजवा. मगे मी शाहिराक म्हटलंय, बाबा रे, वाजव एकदा पोराच्या मनासारखां."

शाहीर हसला. "मघापासून वाजवतोय, ताई. पोरगी ताल चुकू देत नाही."

ही कोकणातली अनसूयाबाई, कापड गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. धुरात सगळे पळाले तेव्हा पोर उठेना, म्हणून तीही बसून राहिली; शाहीर धूर विरल्यावर परतला होता.

रूथ मला पाहूनही उठली नाही. माझ्या मागे पाहत म्हणाली, "आई, बाबा?"

मी तिच्यापुढे बसले. "बाबा येणार नाहीत गं. ते वारले. मी तुला खोटं सांगितलं." मग तिने मान खाली घातली आणि तशीच थांबली. ती कशासाठी थांबलीय हे मला क्षणभराने कळलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, पतींना माती दिल्यानंतर पहिल्यांदाच. पण त्या रडण्यात छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

पुढे दर नाताळला मी अनसूयाबाईकडे करंज्या घेऊन जाई. ती दरवेळी सांगे, "मी आमच्या गावच्या देवाक, वेतोबाक गाराणां घातलंय, म्हणून तू इलंस." मी वाद घातला नाही. त्या दुपारी मीही पायरीवर बसून कोणाला तरी हाक मारली होतीच.

आता मी पुन्हा प्रार्थना करते. फार मागत नाही. आवाज येईल तिकडे जायचं आणि बसून राहायचं, एवढं आपलं. डोक्यावर हात कोणाचा येईल, ते आपण ठरवायचं नाही. हे मला माझ्या पाच वर्षांच्या लेकीने शिकवलं. त्याबद्दल आणि त्या दुपारबद्दल, प्रभू, मी तुझी ऋणी आहे.