पंडुमाची सुट्टी

कोलूचा शाळेवर राग कधीच नव्हता. राग होता तो शाळा चालवणाऱ्यांवर, आणि तोही एकदम नाही, हळूहळू चढत गेलेला. भामरागडच्या आतल्या रानातला हा माडिया माणूस. पोरीला शिकवायचं म्हणून चालत जाता येईल अशा आश्रमशाळेत तो आपल्या पायानं गेला होता. तिथं म्हणाले, जागा भरल्या. मग कुणी एक साहेब म्हणाला, मोठी इंग्रजी शाळा आहे, राहणं-खाणं फुकट. कोलूनं मान हलवली न हलवली तोच बुधरी जीपमध्ये बसलीसुद्धा. जीप आलापल्लीला थांबेल अशी त्याची समजूत. थांबली ती थेट नागभीडच्या पुढे! "पोरगी शिकाले देल्ली का पळवून नेल्ली?" असं बायकोनं तेव्हा विचारलं होतं. 

आता गावात पंडुम जवळ आलं होतं, नव्या धानाचा सण. नवं धान घरात आलं तरी पंडुम झाल्याशिवाय त्यातला दाणा कुणी तोंडात घालत नाही. आधी घरातल्या गेलेल्या माणसांना वाढायचं, मग असलेल्यांनी मिळून खायचं. दिवस ठरवतो पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, आणि तो ठरवतो पीक बघून, गाव गोळा करून. गेल्या वर्षी पंडुम बुधरीशिवाय झालं, तेव्हा कोलूच्या म्हाताऱ्या आईनं, इतवारीनं, घास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. यंदा नात आणतोच, असं तिला सांगून कोलू निघाला. बस बदलत बदलत, उभ्यानं, कुणाच्या तरी पोत्यावर टेकत तो एकदाचा शाळेशी पोचला.

फाटकावरच माशी शिंकली. "बुधरी नावाची कोनी नाई इथी," चौकीदार म्हणाला. शाळेनं पोरीचं नाव प्रिया लावलंय हे कोलूनं ऐकलं होतं, पण ऐनवेळी ते आठवलं तर शपथ. तो भडकला. "माह्या घरी जलमली, माह्या मायनं नाव ठेवलं, अन् तू मलेच सांगून राह्यला नाई म्हनून?" चौकीदारानं कटकट नको म्हणून त्याला आत, वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे धाडलं.

हे अधीक्षक, धनराज सर, माणूस वाईट नव्हते. तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कोणता सण म्हणता?"

"पंडुम."

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "यात तर दिसत नाही."

"त्याच्यात कसा दिसन? पेरमानं आत्ताच सांगतलं."

"अहो, पण शाळेला आधी कळवावं लागतं. तारीख आधी का नाही सांगितली?"

"धान पिकाच्या आधी कशी सांगू, सर?"

"मग दिवाळीत न्या ना."

"दिवाळी तुमची, सर. मी पंडुमाचं बोलून राह्यलो."

बोलणं कोलूच्या पाड्यापासून निघायचं आणि फिरून सरांच्या कॅलेंडरवर यायचं. शेवटी सरांनाच दया आली. इकडं तिकडं बघून ते हळूच म्हणाले, "हे बघा भाऊ, घरात मयत असेल तर मी आत्ता सोडतो. मयतीला कोणी तारीख विचारत नाही. म्हणा, आजी वारली. सगळे तसंच सांगतात."

कोलू खुर्चीवरून उठलाच. जिवंत आईला स्वतःच्या तोंडानं मारायचं? तेही पंडुमाच्या तोंडावर? तो बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसला आणि त्यानं जीपला, साहेबाला, सरांना, त्या कॅलेंडरला माडियात यथेच्छ शिव्या घातल्या. पण शिव्यांनी पोरगी मिळत नाही, आणि उशीर झाला तर बसही मिळणार नव्हती. तो परत आत गेला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "माय मेली."

बुधरी पिशवी घेऊन रडत रडतच बाहेर आली. कोलूनं फाटक ओलांडेपर्यंत दम धरला, मग तिच्यापुढं उकिडवा बसला. "रडू नको. आजी जित्ती हाये, धान झोडून राह्यली. आपन पंडुमाले चाललो."

बुधरीचं रडं थांबलं. बाप माडियात बोलत होता, तिनं विचारलं ते शाळेतल्या मराठीत. "मग सरांना खोटं का सांगितलं?"

"सरानंच तसं सांगाले लावलं."

"सर असं नाही सांगत. सर म्हणतात, चूक कबूल केली की कोणी रागवत नाही. मी सांगून येते."

"अवो, थांब!" म्हणेपर्यंत ती आत धावली. पाठोपाठ कोलू पोचला तर व्हरांड्यात सर, आणखी दोन शिक्षक आणि प्रार्थनेला जमलेल्या पोरी. बुधरीनं सगळ्यांदेखत खणखणीत सांगून टाकलं, "सर, माझी आजी मेली नाही. बाबा खोटं बोलले."

सरांचा चेहरा पडला. "मीच सुचवलं होतं," एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं. कोलू त्यांच्याकडे बघत राहिला. सरांनी शिक्षकांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि बुधरीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, प्रिया." पोरींनी टाळ्या वाजवल्या. मयत नाही म्हटल्यावर सुट्टीही नाही. सरांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली तेव्हा बुधरी गोंधळली. खरं सांगितल्यावर आता नीट जायला मिळेल, असंच तिला वाटलं होतं. "बाबा, आपण जातोय ना?" तिनं विचारलं. या खेपेला माडियात. कोलूला अस्सा संताप आला, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना. पोरगी तर शहाण्यासारखीच वागली होती.

पंडुमाच्या दिवशी इतवारीनं कोपऱ्यात, गेलेल्या माणसांसाठी पानं मांडली. नवऱ्याचं, सासूचं, तापानं गेलेल्या थोरल्या लेकाचं. प्रत्येकावर नव्या भाताचा घास ठेवला. त्या रांगेत शेवटी एक लहानसं पान होतं.

"हे कोनाचं?" कोलूनं विचारलं.

"बुधरीचं," म्हातारी म्हणाली. "जे येऊ शकत नाई त्यायले इथीच वाढतेत ना."

"ते जित्ती हाये, माय!" कोलू ओरडला आणि ते पान त्यानं उचललं. मग घास सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी ते धरून तो तसाच उभा राहिला. घरातली माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि पान ठेवायचं कुठं ते त्याला कळेना.