दोन पत्रिका

गावात कुणी लग्नाची पत्रिका वाटायला निघालं, की कऱ्हाळे सर शाळेच्या फाटकात उभे राहत आणि म्हणत, "मला दोन द्या." लग्नाला मात्र ते कधी गेले नाहीत. बायका हसायच्या, "सरायला जेवण नको, नुसती पत्रिका पायजे." मीही पदराआड हसले होते. त्या पत्रिकांचं ते काय करतात, हे मला पुढं कळलं.

मी त्या शाळेत खिचडी शिजवते. सर नवीन आले तेव्हा माझी अंकिता तिसरीत गेली होती आणि तिला वाचता येत नव्हतं. 'गवत' लिहिलं असलं तर ती 'वगत' वाचायची. एका ओळीवरून सुटलेला डोळा तिसऱ्याच ओळीवर जाऊन बसायचा. आधीच्या गुरुजींनी तिला मठ्ठ ठरवून भिंतीकडेला बसवलं होतं. तिचे वडील म्हणायचे, "चौथी झाली की बसव घरी. तू न्हाई का बसलीस?" मी चौथीनंतर बसले, ते खरंच होतं. पण लेकीनं बसू नये, एवढंच मला वाटायचं. ते कुणाला म्हणून दाखवायची माझ्यात हिंमत नव्हती. चार माणसांत माझा आवाजच निघत नाही.

शाळा सुटल्यावर मी भांडी घासत असायची. सर रिकाम्या वर्गात एकेका लेकराच्या जागेवर मांडी घालून बसायचे. पन्नाशीचा जाडजूड माणूस, गुडघे दुखायचे, उठताना "आई गं" म्हणायचे. मला वाटलं, यांचं काही हरवलं असेल. एकदा भिंतीकडेच्या जागेवरून उठत आपणच म्हणाले, "इथून अर्धा फळा नुसता चमकून राहिला. दिसंल काय लेकराला, कपाळ?" दुसऱ्या दिवशी अंकिता पुढं, मधोमध आली. तरी वाचता येईना.

मग मी एक चूक केली. सर तिला वाचायला लावतील या भीतीनं मी तांदूळ निवडताना पुस्तकातला धडा हळूहळू वाचायची आणि तिच्याकडून पाठ करून घ्यायची. एक दिवस सरांनी तिला उभं केलं. तिनं धडाधड म्हणायला सुरुवात केली. सर तिच्या शेजारी गेले आणि गुपचूप पुस्तकाचं पान उलटलं. ती आपली मागच्याच पानावरचं म्हणत राहिली. पोरं खदखदून हसली. मी दारात खिचडीचं पातेलं घेऊन उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

जेवणाच्या सुट्टीत सर चुलीपाशी आले. "पाठ तुमी करून घेतलं?"

मी मान हलवली.

"किती दिवसांत?"

"दोन."

"दोन दिवसांत दोन पानं! अहो, मला आठ दिवस लागले असते." आणि ते मोठ्यानं हसले. "मंग हे लेकरू मठ्ठ कसं व्हईल, वैनी? कानाची वाट बराबर हाय हिची. डोळ्याची तेवढी नीट करावी लागंल." मग हसू थांबवून म्हणाले, "पण आता पाठ करून घेऊ नका. त्यानं ती वाचायला न्हाई, लपायला शिकायली."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण लपणं मीच तिला शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी पत्रिका बाहेर निघाल्या. सरांनी ब्लेडनं प्रत्येक पत्रिकेत बरोबर एका ओळीएवढी खिडकी कापली होती. पत्रिका पानावर ठेवायची, खिडकीतून एकच ओळ दिसायची, बाकीची झाकलेली. ती वाचून झाली की पत्रिका खाली सरकवायची. गरज अंकितेला आणि आणखी एका पोराला होती, पण सरांनी वर्गातल्या सगळ्यांना एकेक दिली. कुणी कुणाला हसलं नाही. तिची परीक्षा ते तोंडी घ्यायचे. माझ्या परातीतल्या तांदळात बोटानं अक्षरं काढायला लावायचे. रोज थोडा वेळ तिला माझ्यापाशी वाचायला पाठवायचे आणि मला बजावायचे, "तुमी नुसतं ऐका. चुकलं तरी बोलू नका." हे काम मला जमण्यासारखं होतं.

तिचे वडील एकदा शाळेत आले. "सर, काहून जीव घालवायले तिच्यामागं? न्हाई येत तिला."

"तुमचा एक बैल डावीकडं जुंपला की चालत न्हाई म्हणं?"

"न्हाई चालत. उजव्या अंगाचा हाय."

"मंग इकून टाकला का?"

"इकीन कशाला? उजवीकडं जुंपतो."

"मंग पोरीलाच काहून काढायले दावणीतून?"

त्यानंतर घरी चौथीनंतर बसवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

अंकिता चौथीच्या शेवटाला खिडकीतून सावकाश वाचू लागली, आणि सरांची वसमतकडे बदली झाली. पाचवीला तिला आखाडा बाळापूरच्या शाळेत जायचं होतं. कधी नव्हे ते मी सरांना विचारलं, "तिथं तिच्यासाठी कोण बोलंल?"

"तुमी बोला."

मी खाली पाहिलं. सर म्हणाले, "बरं. तीच बोलंल."

मग शेवटचे आठ दिवस ते डोक्यावर टॉवेल घेऊन, कपाळाला आठ्या घालून मोठ्या शाळेच्या बाई व्हायचे आणि अंकितेकडून उत्तरं म्हणवून घ्यायचे. पोरं हसून लोळायची.

जूनमध्ये मी तिला घेऊन गेले. बाईंनी पुस्तक पुढं केलं, "वाच गं." मी दाराशी पदराचं टोक मुठीत धरून उभी. अंकितेनं दप्तरातून पत्रिका काढली.

बाई म्हणाल्या, "हे काय? कुणाचं लग्न?"

"लग्न न्हाई बाई, खिडकी हाय. एकेक ओळ दिसली की मला वाचता येतं. घाई केली की चुकतं. लिहायला यळ लागतो, पण तोंडी विचारलं तर सगळं सांगते."

बाईंनी पत्रिका हातात घेऊन खिडकीतून पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली. "बस. सावकाश वाच."

ती वाचू लागली. दोन ठिकाणी चुकली. सवयीप्रमाणे मी गप्प राहिले. बाईही राहिल्या. दुसरी चूक तिची तिनंच दुरुस्त केली. बाईंनी हजेरीत नाव लिहून घेतलं, आणि मी मुठीतलं पदराचं टोक सोडलं.

परवा शेजारच्या गल्लीतला माणूस पत्रिका द्यायला आला. अंकितेची पत्रिका आता कडेनं फाटत आली आहे. त्यानं एक पत्रिका माझ्या हातावर ठेवली आणि तो वळला.

"भाऊ," मी हाक मारली. "मला दोन द्या."