लाल पेन्सिलीचा धाक

आमच्या शेजारच्या टायपिस्टबाईंइतकं इंग्रजी व्याकरण भूतलावर कोणी मनाला लावून घेतलं नसेल. सत्तरच्या दशकात आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचो. कोणत्या क्रियापदापुढे ‘टू’ येतो आणि कोणत्या क्रियापदापुढे ‘आयएनजी’वाला शब्द, हे पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून बाईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ती क्रियापदंच रंगवली होती. वरच्या फळीवर टूवाले, खालच्या फळीवर आयएनजीवाले. त्यामुळे त्यांच्या घरी तूरडाळ ‘होप’मध्ये, तिखट ‘अव्हॉइड’मध्ये आणि साखर ‘एन्जॉय’मध्ये असायची. अंबाड्यात कायम लाल पेन्सिल खोचलेली. आम्ही एकाच ऑफिसात; मी दिलेल्या रजेच्या अर्जातली चूक त्यांनी साहेबांसमोर दुरुस्त केली, तेव्हा रजा मिळूनही मला घरी जायची लाज वाटली.

पण त्यांच्या मुलीच्या, शालूच्या लग्नाच्या वेळी मी हबकलोच. दोन स्थळं आधीच फिसकटलेली. तिसरा मुलगा पारशिवनीचा, शाळेत शिक्षक. त्यानं हौसेनं इंग्रजीत पत्र पाठवलं, की मुलगी बघायला आवडेल. आवडेलसाठी ‘एन्जॉय’ लिहून त्यापुढे ‘टू’ घातला होता बिचाऱ्यानं. बाईंनी तो लाल पेन्सिलीनं खोडला, समासात कारण लिहिलं आणि तेच पत्र त्याला परत टपालानं धाडलं! माझ्या हातातला चहा लेंग्यावर सांडला. शालू आत जाऊन बसली, ती जेवायलाही बाहेर येईना.

“बाई, हे काय करून बसलात?” मी विचारलं.

“काहून? पोरगी द्यायची हाये मले त्या घरी. चूक तशीच ठेवू?”

पंधरा दिवस पोस्टमन दारावरून नुसता जात राहिला. मग पत्र आलं. मुलानं ते वाक्य दहा वेळा शुद्ध लिहून काढलं होतं आणि खाली मराठीत लिहिलं होतं, ‘मुलगी न पाहताच पसंत आहे. आईंची मात्र भीती वाटते.’

लग्नानंतर महिन्याभरानं शालूचं पत्र आलं, आईच्या शिस्तीप्रमाणे इंग्रजीत. बाईंनी ते माझ्या हाती दिलं. तुझ्या हातचं जेवायची आठवण येते, असं लिहिताना तिनं ‘मिस’पुढे ‘टू’ घातला होता. शालूनं! जी डब्यांवरच अक्षरं शिकली, तिनं! मी जीव मुठीत धरून अंबाड्याकडे बघत राहिलो. बाईंनी पेन्सिल काढली, त्या शब्दावर नेली आणि परत खोचून टाकली.

“राहू दे गा भाऊ,” त्या म्हणाल्या. “शाई पसरली हाये, पाहा. रडून राहिली होती पोरगी लिहिताना.”

बाईंनी पत्राची घडी घातली आणि साखरेच्या डब्यात ठेवली. दुरुस्त न होता त्या घरात राहिलेला तेवढा एकच कागद.