नवसाला सोडलेलं गणित

आमच्याकडं नवस बोलताना माणसं काहीतरी सोडतात. कुणी गोड सोडतं, कुणी चपला सोडतं. माझ्या घरच्यांनी माझं गणित सोडलं.

दहावीनंतर अप्पा, म्हणजे माझे वडील, मला देवणीहून लातूरला घेऊन आले. सोबत चुलते होते. ते शाळेत मास्तर, त्यामुळं शिक्षणातलं सगळं त्यांनाच कळतं असं घरात ठरलेलं. नीटच्या एका क्लासमध्ये प्रवेशाच्या टेबलासमोर आम्ही बसलो. पलीकडच्या सरांनी माझी गुणपत्रिका पाहिली. सगळ्यांत जास्त मार्क गणितात. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील. ते म्हणाले, "गणित काढून टाकू."

मी म्हणाले, "सर, मला गणित आवडतं. जीवशास्त्रासोबत ठेवता येतं ना?"

ते माझ्याशी बोललेच नाहीत. अप्पांकडं वळले. "डॉक्टर करायचंय ना पोरीला? मग गणिताचं काय लोणचं घालायचंय? गणित ठेवणारं लेकरू मनातून पळवाट ठेवतं. मराठी आणि गणित, दोन्हीच्या जागी क्रॉप सायन्स घ्या. बसल्या जागी मार्क. सगळा वेळ नीटला."

"हाव, बरोबर हाय," चुलते म्हणाले. सरांनी अप्पांना विचारलं, "काय करायचं मग?" मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी मान हलवली आणि गणित गेलं. मराठीही गेली, तिच्याबद्दल तर कुणी तोंडसुद्धा उघडलं नाही.

आता याला काय म्हणावं? लहानपणापासून तिफणीमागं चाललेली पोरगी मी. आणि लातूरच्या खोलीत बसून पाठ करून राहिले होते, पेरणी कशी करावी. अप्पांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही. येत होतं तेच पुन्हा शिकवायचं आणि शिकायचं होतं ते काढून घ्यायचं, हा कुठला शहाणपणा?

गावाकडं मात्र कौतुक. एसटी स्टँडवर कुणी भेटलं की चुलते सांगायचे, "पोरीनं गणित सोडलं." एखाद्यानं दारू सोडली हे ज्या आवाजात सांगतात ना, त्याच आवाजात. ऐकणाराही मान डोलवायचा, म्हणजे पोरगी आता पक्की डॉक्टर. शेजारच्या मुलानं गणित ठेवलं होतं, तर त्याचं काही खरं न्हाई म्हणायचे. विषय सोडला की देव पावतो, असाच सगळा कारभार.

नीट दिली. नंबर लागला नाही. रिपीट केली, तरी नाही. तिथं मी कमी पडले, ते मी कुणावर ढकलत नाही. रडून घेतलं आणि नांदेडला बी.एस्सी.ला गेले. मनाशी म्हटलं, डॉक्टर नाही तर नाही, आता तरी गणित घेते.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "बारावीला गणित होतं का?"

"नव्हतं."

"मग नाही मिळत, बाळा. वनस्पतिशास्त्र घे, प्राणिशास्त्र घे."

त्यांची काय चूक, नियमच तसा. पण माझ्या अंगाची लाहीलाही झाली. लातूरच्या सरांनी जिला पळवाट म्हटलं होतं, त्याच वाटेनं मला जायचं होतं. आणि ती त्यांनी मी सोळा वर्षांची असताना, चहा पिता पिता बंद करून टाकली होती.

चुलत्यांना फोन लावला. म्हणाले, "तवा सगळेच सोडून राहिले होते, बाई." सगळे म्हणजे कोण? जे डॉक्टर झाले त्यांना गणित लागलंच नाही. आणि जे झाले नाहीत त्यांचं पुढं काय झालं, ते विचारायला कुणी गेलं नाही. मला अजून त्या उत्तराचा राग येतो.

यंदा धाकट्या बहिणीची दहावी झाली. तिलाही गणित लई आवडतं. अप्पा तिला घेऊन लातूरला निघाले तसं मी नांदेडहून गाडी धरली आणि थेट तिथंच गेले. चुलत्यांना मीच येऊ नका म्हणून सांगितलं होतं. राग आला त्यांना. येऊ दे.

क्लास तोच, सरही तेच, थोडे सुटलेले. गुणपत्रिका बघून म्हणाले, "गणित काढून टाकू."

"राहू द्या," मी म्हणाले.

"कशाला? लोणचं घालायचंय का गणिताचं?"

"हाव. लोणचंच घालायचंय."

सरांनी माझा नाद सोडला आणि अप्पांना विचारलं, "तुम्ही सांगा, काय करायचं?" बहिणीनंही अप्पांकडं बघितलं, मी बघितलं होतं तसंच.

अप्पा तिला म्हणाले, "माझ्याकडं काय बघून राहिलीस? शिकायचं तुला हाय. तू सांग."

"दोन्ही पाहिजेत," ती म्हणाली. "जीवशास्त्र बी आन गणित बी."

सरांनी तोंड वाकडं करत लिहून घेतलं.

बाहेर येऊन आम्ही रसाच्या गाड्यावर थांबलो. बहीण खुशीत होती, मलाही तिच्यासाठी बरं वाटत होतं. पण राहवलं नाही. म्हणाले, "अप्पा, तवा मला का न्हाई विचारलं असं?"

अप्पांनी ग्लास खाली ठेवला. "तवा कुठं कळत होतं? पोरीला विचारावं लागतं, हे तुझ्यावरूनच तर शिकलो, बाई."

ते त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मी रस तसाच ठेवला आणि नांदेडच्या गाडीकडं चालू लागले.