ब्रीदरचं तेल बघणारे मामू

मामूंकडे गाडी नेली की ते आधी इंजिन चालूच ठेवायला सांगायचे. मग ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून त्या तोंडावर उजवा तळहात धरायचे आणि डोळे मिटायचे. हाताला वाफ किती लागते, ती धक्के देत येते की नुसती ऊब जाणवते, एवढ्यावरून त्यांना इंजिन कितपत झिजलंय ते कळायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी आपली बोलतच होते. डोळे न उघडता ते म्हणाले, "जरा थांबा की बाई. आधी त्याचं ऐकू द्या."

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं गॅरेज होतं. त्यात एका वेळी एकच गाडी मावायची. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात नोकरीला होता. दुपारी शटर अर्धं ओढून ते स्वतः केलेला डबा खायचे. पेठेत सगळे त्यांना मामू म्हणत, पण त्यांच्याकडे निवांत बसायला आलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

मी तेव्हा बार्शीच्या एका कॉलेजात शिकवत होते. घरी आई एकटी, म्हणून रोज सोलापूरहून जाऊन-येऊन करायचे. गाडी जुनी, टर्बोची डिझेल. एकदा सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथल्या लोकांनी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप काढून आतलं ऑइल दाखवलं आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, गेला, बदलावा लागेल, असं सांगितलं. कुणीतरी मामूंचं नाव सुचवलं. त्यांनी टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला, फिरवून पाहिला आणि टर्बोला काही झालेलं नाही म्हणाले. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच, तो ऑइलचे कण घेऊन ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाचा दम बाहेर सोडणाऱ्या, नळीतून वर येतो आणि टर्बोच्या तोंडाशी जातो, असं त्यांनी मला समजावलं. माझ्या गाडीत ऑइल गाळणारी जाळी चोंदली होती, म्हणून ते जास्त येत होतं. त्यांनी जाळी साफ केली आणि ब्रीदरच्या वाटेवर एक लहान स्टीलचा डबा बसवला. त्याला खाली तोटी. साठलेलं ऑइल महिन्याने काढायचं आणि त्यांना दाखवायचं. त्यांनी एवढंच बजावलं, "डबा भरला तरी इंजिनाचा दम कोंडू द्यायचा न्हाय."

या बाबतीत ते इतके कडक का, ते मला पुढे कळलं. तरुणपणी त्यांच्या मोठ्या भावाची जीप होती, अक्कलकोटच्या रस्त्यावर चालायची. ब्रीदरमधून फार ऑइल येतंय, असं भावाने दोनदा सांगितलं होतं. मामूंनी पुढच्या आठवड्यात बघू म्हणून टाळलं. एके दिवशी इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पेटवायला लागलं. चावी काढली तरी थांबेना. मामूंनी फळी शोधून हवा आत जायच्या तोंडावर दाबेपर्यंत सगळं तुटून गेलं होतं. भावाने जीप विकली आणि नंतर भीमेपलीकडे सासुरवाडीला जाऊन राहिला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," मामू म्हणाले. "त्यो बोललाच न्हाय. मेला तवा बी मला उशिरा कळलं."

दर महिन्याला मी जायचे. ते तोटी सोडून ऑइल काचेच्या बाटलीत घ्यायचे, उजेडात धरायचे आणि मान हलवायचे. पाच मिनिटांचं काम, पण मी तासभर थांबायचे. ते काम करत राहायचे, मी पेपर तपासायचे.

मग आई गेली. मी कॉलेजातून लांबची रजा घेतली. सुरुवातीला लोक आले, फोन आले, मग तेही थांबलं. भाजी आणि बँक, एवढ्यापुरतीच गाडी निघायची. मामूंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांनी गेले तेव्हा बाटलीत ऑइलऐवजी पिवळट, दह्यासारखं काहीतरी आलं. मामूंनी ते बोटावर घेऊन चोळून पाहिलं.

"पाणी हाय ह्ये. इंजिन गरमच होईना. लांब जात न्हाय का आता?"

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. आई गेल्यापासून कुणासमोर रडले नव्हते. त्यांनी हात पुसले, शेजारून चहा मागवला आणि माझं रडणं संपेपर्यंत शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या बार्शीला जाऊन या. गाडीसाठी म्हनून जावा. कॉलेजात जायलाच पायजे असं न्हाय." मी गेले. पुढच्या सोमवारी कामावरही रुजू झाले.

पुढे मामूंचा हात थरथरायला लागला. मुलाने पुण्याला यायचा आग्रह धरला आणि शेवटी त्यांनी गॅरेज बंद केलं. मीच त्यांना पोचवायला गेले. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेवढंच, बाकी वाटभर ते इंजिन ऐकत बसले होते. मुलाचं घर सातव्या मजल्यावर. मी निघाले तेव्हा ते खाली गाडीपर्यंत आले.

"पोचल्यावर फोन करा. पोचलो म्हनून कुनाला तरी सांगावं मानसानं."

दिवेलागणीला घरी पोचले आणि फोन केला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. पोचले, एवढं म्हणून झाल्यावर दोघांकडेही बोलायला काही उरलं नाही, पण लगेच कुणी फोन ठेवला नाही. त्यानंतर बार्शीहून परत आले की रोज तो फोन ठरलेला. नऊ महिने. मग एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला.

टर्बोची गाडी लांबून आली की लगेच बंद करू नये, मिनिटभर चालू ठेवावी, हेही मामूंनीच शिकवलेलं. बार्शीहून आल्यावर मी अजून तसंच करते. पूर्वी त्या मिनिटात त्यांचा नंबर लावायचे. आता मिनिट होईपर्यंत नुसती बसून राहते.