देणगीदार दाखवण्याचा कार्यक्रम

नगर जिल्ह्यातली निम्मी लग्नं आपण जमवली आणि उरलेली आपल्याला न विचारता झाल्यामुळे कशीबशी टिकून आहेत, असं आमच्या आत्याचं प्रामाणिक मत होतं. कुणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आत त्या घरात लग्नाचं कोण आहे याचा अंदाज तिनं घेतलेला असायचा. एकदा दवाखान्यात सलाईन लावून पडली होती, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलाचं लग्न तिनं तिथूनच ठरवलं. डॉक्टर बिनलग्नाचा होता. त्यानं तिला घाईघाईनं घरी सोडलं.

अशी ही बाई एका स्थळाची चौकशी करायला राजूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत गेली. स्थळ काही जमलं नाही. पण वाडीतली शाळा चौथीपर्यंतच, पुढे राजूरला राहून शिकायचं तर तो खर्च कुणालाच झेपत नाही, म्हणून पोरं चौथीनंतर गुरांमागं, हे ती बघून आली. मला म्हणाली, "पोरं हुशार आहेत रे. नुसती स्थळं मिळत नाहीत." स्थळ म्हणजे आता तिच्या लेखी पैसे देणारा माणूस. दोन विहिणींना हाताशी धरून तिनं संस्था काढली. एका माणसानं एका मुलाचं शिक्षण करायचं, इतकंच. बाकीच्या संस्था मुलांचे फोटो देणगीदारांना पाठवतात. आत्याला ते अजिबात मंजूर नव्हतं. देणारा कोण, कसला, हे मुलाकडच्यांनी बघायला नको का, असं ती विचारायची. म्हणून देणगीदारालाच वाडीत नेऊन दाखवायचं, अशी पद्धत तिनं पाडली. बरोबर पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा न्यायची, कारण पोह्यांशिवाय बघण्याचा कार्यक्रम होऊ शकतो हे तिला पटतच नव्हतं. कारखान्यातले साहेब, कापडाचे व्यापारी अशी वजनदार माणसं सतरंजीवर खाली मान घालून बसायची आणि मुलाची आई त्यांना विचारायची, घरी कोण कोण असतं. एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स आणला होता. त्याला पोहेसुद्धा मिळाले नाहीत.

मलाही दाखवलं. मुलगी आठवीतली, आईबापांनी उसनवारी करून तोवर राजूरला ठेवलेली; ते कामासाठी लांब, त्यामुळे सुट्टीत आजोबांजवळ राहणारी. आजोबांनी दारू पिता का विचारलं, मी नाही म्हणालो. तंबाखू विचारली, तीही नाही, तेव्हा त्यांना माझी थोडी कीवच आली असावी. मग मला काय दुर्बुद्धी झाली, मी मुलीला सतराचा पाढा विचारला. तिनं तो घडाघडा म्हटला आणि मला एकोणतिसाचा विचारला. मला आला नाही. "कळवतो," आजोबा म्हणाले. आपल्याकडे कळवतो म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. पुढं आत्यानंच ती मुलगी शिकवायला घेतली, आणि माझ्या नापसंतीची बातमी सगळ्या नातेवाइकांत पोचवली.

बारावीला मुलीला उत्तम मार्क पडले. तिला नर्सिंगला जायचं होतं. त्याच उन्हाळ्यात आजोबांनी आत्याला बोलावून घेतलं. नातीला मागणी आली होती, आणि लग्नातलं कळणारं त्यांच्या ओळखीत आत्याशिवाय कुणी नव्हतं. मुलगा राजूरचा, घरचा टेम्पो, निर्व्यसनी. आत्या त्याला बघून आली. काहीतरी खोट सापडावी म्हणून तिनं जंग जंग पछाडलं, पण खोट निघेना. आणि खोटं सांगून स्थळ मोडणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग आम्ही वाडीत गेलो. गाडी माझी, म्हणून मीही सतरंजीवर होतो. मुलगी दाराला टेकून उभी होती.

"पोरगा चांगला हाय ना?" आजोबांनी विचारलं.

"चांगला आहे," आत्या म्हणाली. "तरी मी नाही म्हणते. तिला शिकू द्या. शिकून आली की तिचं लग्न मी लावून देईन. माझा शब्द."

आजोबा आत्याच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले. "तवर तुमी ऱ्हाल का?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "मी नसले तर हा आहे."

"ह्यो? ह्येला तर आमी न्हाई म्हनलं हुतं."

मुलगी दारातूनच म्हणाली, "चालतील मला."

स्वतःचं लग्न ठरलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. घरी हे बोलायची सोय नाही.

मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आत्या गेली. पुढचं मी बघितलं. पाढे मात्र विचारले नाहीत. आता ती संगमनेरला एका दवाखान्यात नोकरी करते. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला, "काका, मुलगा बघायला या." मुलगा तिनंच पसंत केलेला, तिच्याच दवाखान्यातला. पण आजीबाईंनी, म्हणजे आत्यानं, शब्द दिलाय, तेव्हा तुम्ही बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं तिचं म्हणणं. वाडीत गेलो. पोहे आत्याच्याच डब्यात होते. तो डबा वाडीतच राहून गेला होता. मुलगा खाली मान घालून बसला होता. आत्यानं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. मी एवढंच विचारलं, घरी कोण कोण असतं. आजोबांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून "पसंत आहे" हे मी दोनदा, मोठ्यांदा म्हणालो.

निघताना मुलीनं उरलेले पोहे त्याच डब्यात भरून दिले. घाट उतरल्यावर गाडी कडेला लावून मी ते खाल्ले. मुलगा खरंच चांगला आहे. पण हे जिला सगळ्यात आधी कळवायचं, ती काही आता नव्हती.