ओढून निघेल ते तुमचं

हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणतात, त्या पवनार रस्त्यावरच्या यार्डाचा तो राखणदार. गाडी जप्त झाली तरी आतलं सामान मालकाचं, हा नियम. सामान कोणतं, हे तो दोन बोटांनी ओढून ठरवतो. निघालं तर मालकाचं, नाहीतर गाडीचं.

तिथं ओढून आणलेल्या माझ्या टेम्पोत वजनकाटा तारेनं बांधलेला होता. त्याच्याशिवाय आंजीच्या बाजारात माझं दुकान लागत नाही, म्हणून मी रोज चकरा मारत होतो. तो नाडी पाहावी तसा काटा ओढायचा.

"निंगत नाई, भाऊ. गाडीचा हाय."

"काऊन? गाडी कांदे मोजते का?"

शेवटी मीच हिसका दिला. काटा तारेसकट हातात आला.

"आता तुमचा," तो गंभीरपणे म्हणाला.

मग मी स्टेअरिंग ओढून पाहायला हात घातला. त्यानं पळत जाऊन मला बाहेर घालवायला फाटक उघडलं.